पाताळेश्वर ते मंडई हेरिटेज वॉक, आणि अर्जुनाची अर्जेंटिना

कार्तिकी एकादशी यंदा रविवारी आली. सकाळी साडेसहाला मी आणि माझी नात सई जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या फाटकाशी पोचलो, तेव्हा वीस-बावीस जण आधीच जमले होते. वॉकचा विषय होता पुण्यातली नावं: पेठा, पूल, देवळं, चौक. पाताळेश्वरापासून निघायचं, नव्या पुलावरून शनिवारवाडा, मग कसबा गणपती, बुधवार चौक, पासोड्या विठोबा आणि शेवट मंडईत. माणशी ४५० रुपये, शाळकरी मुलांना ३००, फराळ त्यातच.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. असे वॉक पुण्यात आता दर शनिवार-रविवारी निघतात, आणि ओळखीच्यांशी बोलल्यावर कळलं की मला जे ऐकावं लागलं ते इतर ठिकाणीही ऐकवतात. त्यामुळे कुठल्याही वॉकला जाणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय मला हे इतकं का लागलं ते कळणार नाही. मी ३१ वर्षं टपाल खात्यात होते, त्यातली २० सॉर्टिंगला. माझी सगळी नोकरी गावांची नावं वाचण्यात गेली. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव निंबाळकर, वडगाव काशिंबेग, वडगाव रासाई. पाकिटावर नुसतं 'वडगाव' असलं की हात थांबायचा. तालुका बघायचा, पोस्ट कुठलं ते बघायचं, पिन बघायचा, आणि तिन्ही जुळलं की मगच पत्र खणात टाकायचं. नाव सारखं आहे म्हणून टाकलेलं पत्र चार दिवसांनी परत येतं आणि तोवर एखाद्याची मुलाखत हुकलेली असते. खुर्द आणि बुद्रुक हे फारसीतून आलेत, खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरलं, हे मला नोकरीतल्या एका वरिष्ठांनी पहिल्याच वर्षी सांगितलं. त्या दिवसापासून नावांचा नाद लागला तो आजतागायत. म्हणून या वॉकची जाहिरात दिसल्याबरोबर मी पैसे भरले.

सुरुवात फार सुंदर झाली. गाइड तिशीचा मुलगा, आवाज खणखणीत, मराठी स्वच्छ. त्याने आम्हाला आधी त्या गोल नंदीमंडपाभोवती फिरवलं, मग आत नेऊन एका खांबावर टॉर्च तिरका धरला. सरळ उजेडात जो दगड नुसता काळा दिसतो, त्यावर तिरक्या उजेडात छिन्नीचा एकेक घाव उठून आला, बोटभर लांबीचे, सगळे एकाच दिशेने उतरणारे. बाराशे वर्षांपूर्वी कुणाचा तरी हात तिथे असा चालला होता. सई श्वास रोखून बघत होती. राष्ट्रकूटांचा काळ, ८वं शतक, कृष्ण पहिला या राजाच्या ताम्रपटांत येणारी 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' ही नावं ('विषय' म्हणजे तेव्हाचा जिल्हा), म्हणजे आपल्या गावाचा लेखी पुरावा किती जुना, हे सगळं त्याने नीट सांगितलं. नुसत्या या अर्ध्या तासाचे कुणी ४५० मागितले असते तरी मी दिले असते.

मग तो म्हणाला, "आता सांगा, पाताळ म्हणजे कुठे? आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. म्हणजेच अमेरिका! आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती, म्हणून हा पाताळेश्वर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सईने वहीत लिहून घेतलं.

हे देऊळ खडकात खाली खोदत नेलंय. रस्त्यावरून आलं की ते जमिनीच्या पोटात गेल्यासारखं दिसतं. पाताळेश्वर म्हणायला याहून वेगळं कारण लागत नाही. आणि पायाखालच्याच हिशेबाने जायचं तर पुणे साधारण १८.५ अंश उत्तर आणि ७३.९ अंश पूर्वेला आहे. इथून पृथ्वीच्या आरपार गेलं तर माणूस १८.५ अंश दक्षिण, १०६ अंश पश्चिम इथे बाहेर येईल. तिथे अमेरिका नाही, पॅसिफिक महासागर आहे. घरी आल्यावर सईने हे स्वतः तिच्या ॲटलासमध्ये बोट ठेवून काढलं. त्या बिंदूच्या दक्षिणेला हजारेक किलोमीटरवर ईस्टर बेट लागतं. त्या बेटाचीही अशीच एक कथा आहे. तिथल्या लाकडी पाट्यांवरची रोंगोरोंगो लिपी आणि आपली सिंधू लिपी एकच आहे, असं १९३२ मध्ये हेवेशी नावाच्या अभ्यासकाने चिन्हांच्या जोड्या लावून मांडलं होतं. दोन्ही लिप्या आजही कुणाला वाचता येत नाहीत. सिंधू लिपी इ.स.पूर्व १९०० च्या सुमारास वापरातून गेली आणि ईस्टर बेटावर माणसं राहायला आली इ.स. १२०० च्या आसपास. मधली तीन हजार वर्षं ती लिपी कुठे होती, याला उत्तर नाही. म्हणजे चित्र सारखं दिसलं म्हणून पत्र खणात टाकायचा मोह मोठमोठ्यांनाही होतो.

नव्या पुलावर गाइड परत छान बोलला. १९२३ चा हा लॉइड ब्रिज, नंतर त्याला शिवाजी महाराजांचं नाव दिलं, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी लोकांच्या तोंडी तो 'नवा पूल'च. तिकडे लकडी पुलाला लाकूड उरलेलं नाही, पण नाव १७६१ च्या पानिपतानंतर बांधलेल्या लाकडी पुलाचंच. असं काही ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. पुलाचं लाकूड गेलं आणि शब्द टिकला.

शनिवारवाड्याच्या पायऱ्यांवर मात्र त्याने लॅमिनेट केलेला जगाचा नकाशा काढला. ग्वाटेमाला म्हणजे गौतमालय. ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, पांडवांची अस्त्रं ठेवायची जागा. अर्जेंटिना म्हणजे अर्जुनस्थान, दिग्विजयात अर्जुन तिथवर गेला. मी हात वर केला.

"अहो, याला आधार काय? कुठल्या लेखात, कुठल्या पोथीत हे आलंय?"

"काकू, नाव स्वतःच बोलतंय की! अजून काय पुरावा हवा?"

"आवाज सारखा आला म्हणून गाव एक होत नाही हो."

"इंग्रजांनी आपल्याला हे शिकवलंच नाही, काकू. आता आपणच पुढच्या पिढीला सांगायचं." असं म्हणून तो पुढे चालू लागला, आणि त्याच्यामागे सगळे.

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याचा त्यावर मनापासून विश्वास होता आणि आपल्या लोकांबद्दलचा त्याचा अभिमानही खरा होता. तो अभिमान माझ्यातही आहे. पण ग्वाटेमाला हे नाव शेजारच्या मेक्सिकोकडच्या नाहुआत्ल भाषेतलं आहे, अर्थ 'दाट झाडांचा प्रदेश'. ते ज्यांनी ठेवलं त्यांच्या हातून आपण ते काढून घ्यायचं आणि गौतमाच्या नावावर लावायचं? कुणी उद्या उठून जुन्नर आमच्या भाषेतलं आहे म्हणालं, तर आपल्याला कसं वाटेल? ऑस्ट्रेलिया तर सरळ लॅटिन 'ऑस्ट्रालिस', म्हणजे दक्षिणेकडचं. मॅथ्यू फ्लिंडर्स या दर्यावर्दीने १८१४ च्या आसपास ते रूढ केलं.

फराळ कसब्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस, वर दही. खिचडी मोकळी, दाण्याचं कूट हात राखून न घातलेलं, मिरची बेताची, किसाला तुपाचा वास. या वॉकमध्ये चालण्याखालोखाल काही आवडलं असेल तर हा फराळ. आम्ही खात असताना गाइडने सोमनाथपूरच्या देवळातल्या मूर्तीचा फोटो फिरवला. कर्नाटकातलं होयसळांचं १३व्या शतकातलं देऊळ, मूर्तीच्या हातात दाणेदार लांबट काहीतरी. "हे मक्याचं कणीस. मका अमेरिकेतला. म्हणजे कोलंबसाच्या आधी आपण तिथे जाऊन आलो."

सई सातवीत आहे. ती म्हणाली, "मग ते येताना बटाटे का नाही घेऊन आले?"

तिला उत्तर मिळालं नाही. गाइडने हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. मला फार वाईट वाटलं, कारण सबंध सकाळीतला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता आणि त्याचं उत्तर तिच्या हातातल्या ताटलीतच होतं. म्हणून तिथेच बसून मी तिला सांगितलं. या फराळातलं बहुतेक सगळं मूळ अमेरिकेचं आहे. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, मिरची तिथली, बटाटा तिथला, रताळंही तिथलं. हे सगळं १४९८ नंतर, पोर्तुगीज गलबतं आपल्या किनाऱ्याला लागली त्यानंतर आलं. आणि येताना शब्दही घेऊन आलं. 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द, आणि तिथे तो रताळ्याला होता! काजू आणि अननस हे ब्राझीलच्या तुपी भाषेतले, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले. मिरचीला मात्र आपण आपलंच नाव दिलं, तिखट म्हणून मिऱ्यावरून. सासवडच्या डोंगरउतारांवर पिकणारं सीताफळही अमेरिकेचंच फळ, पण आपल्या बायकांनी त्याला सीतेचं नाव ठेवलं आणि त्याच्या भावंडाला रामाचं. अनोळखी फळाला घरात घेण्याची ही केवढी सुंदर रीत! हे खरंखुरं समुद्रापलीकडचं नातं आहे, आणि ते आपण एकादशीला देवापुढे ठेवतो.

मक्याच्या कणसाबद्दल नंतर वाचलं. जोहानेसन नावाच्या भूगोलाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८९ मध्ये हा दावा केला होता. मक्यावर काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी तो खोडून काढला. मूर्तीच्या हातात आहे ते मुक्ताफळ, म्हणजे मोत्यांनी जडवलेलं एक कल्पित फळ. मला पटलं ते याच कारणाने की मका खरंच आला असता तर एकटा आला नसता. मिरची आली असती, पपई आली असती. ताटलीतलं बाकी सगळं गैरहजर ठेवून नुसतं एक कणीस मूर्तीच्या हातात कसं येईल?

आणि कोलंबसाच्या आधी समुद्र कुणी ओलांडलाच नव्हता असंही नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांची वस्ती सापडली आहे, आणि तिथलं लाकूड इ.स. १०२१ मध्ये तोडलेलं आहे, इतकी नेमकी तारीख आता निघाली आहे. पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियन लोकांत आणि दक्षिण अमेरिकेतल्या लोकांत इ.स. १२०० च्या सुमारास संबंध आल्याचं २०२० मध्ये जनुकांवरून दिसून आलं. पॉलिनेशियात रताळ्याला 'कुमारा' म्हणतात आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत त्याच्याशी जुळणारा 'कुमार' हा शब्द आहे. युरोपीय जहाजं येण्याच्या कितीतरी आधीच्या थरात तिथे जळालेल्या रताळ्याचे अवशेष मिळालेत. इथे बघा, शब्द जुळतो, कंद जुळतो, काळ जुळतो, माणसांच्या रक्तातही खूण आहे. तालुका, पोस्ट, पिन, सगळं बरोबर. 'कुमार' ऐकून संस्कृतकडे धावण्याची गरज नाही, हे पत्र आपल्या खणातलं नाही. पण ते नेमक्या घरी पोचलंय याचा मला आनंद होतो.

पुढचा भाग भराभर झाला. बुधवार पेठ ही पूर्वीची मोहियाबाद, गुरुवार पेठ ही वेताळ पेठ, पासोड्या विकणाऱ्यांच्या बाजारातला म्हणून पासोड्या विठोबा. हे सांगताना त्याला एकाही आरोळीची गरज पडली नाही आणि लोक तितक्याच आवडीने ऐकत होते.

आता अर्जेंटिना. या एका नावासाठी मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात तीन तास बसले, आणि जे मिळालं ते त्या मुलाला सांगावं म्हणून मन अजून तळमळतंय. अर्जेंटिना हे नाव लॅटिन 'अर्जेंटुम'वरून आलं. अर्जेंटुम म्हणजे चांदी. स्पॅनिश लोक १६व्या शतकात तिथे चांदीच्या आशेने गेले, तिथल्या नदीला 'रिओ दे ला प्लाता' म्हणजे चांदीची नदी म्हणू लागले, आणि पुढे देशाला त्याच धातूचं लॅटिन नाव मिळालं. इथवर अर्जुनाचा काही संबंध नाही. पण संस्कृतात चांदीला काय म्हणतात? रजत. हे रजत आणि ते अर्जेंटुम, दोन्ही एकाच शब्दमुळापासून निघालेले शब्द आहेत. हजारो वर्षांपूर्वी एका भाषेतून फुटलेल्या दोन फांद्यांवरचे. आणि त्याच मुळापासून तिसरा एक शब्द संस्कृतात झाला. अर्थ पांढरा, चकचकीत. तो शब्द 'अर्जुन'. पांढुरक्या सालीच्या झाडालाही आपण अर्जुन म्हणतो ते त्यामुळेच.

मी कोश मिटून बराच वेळ तशीच बसले होते. म्हणजे त्या मुलाच्या कानाला जे ऐकू आलं ते अगदीच पोकळ नव्हतं. अर्जुन आणि अर्जेंटिना यांत नातं आहे! पण ते अर्जुनाने जहाज हाकून जोडलेलं नाही. ते भाषेच्या पोटात, कुठल्याही गलबताच्या आधीपासून आहे. थोडं शोधलं असतं तर पायऱ्यांवर उभं राहून हे सांगता आलं असतं, आणि ते त्या नकाशापेक्षा कितीतरी मोठं होतं.

शोधायचं कसं, हेही फार अवघड नाही. संगमनेर, पारनेर, अंमळनेर यांतलं 'नेर' म्हणजे नगर. मधला ग झिजून गेला. तोच नियम तगर या गावाला लावा, तेर मिळतं, धाराशिव जिल्ह्यातलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा तसंच होतं, म्हणून त्याला नियम म्हणायचं. आणि हे तगर पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासनोंदीत, पेरिप्लसमध्ये, आलेलं आहे. पैठण आहे, कल्याण आहे, सोपारा आहे. तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं असं त्यात लिहिलंय. इटलीतलं पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, आणि तेरला तशाच घडणीची मूर्ती मिळाली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझची मूर्ती सापडली. कार्ल्याच्या चैत्यातले कितीतरी खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांनी, दान दिलेत, तसे लेख त्या खांबांवरच आहेत. हे सगळं आपल्या महाराष्ट्रातलं. हे सांगायला निघालं तर अर्जुनाला अर्जेंटिनाला पाठवायला वेळच उरणार नाही.

मी हे सगळं आयोजकांना सविस्तर लिहून कळवलं. 'तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार' इतकंच उत्तर आलं. त्या नकाशाबद्दल एक अक्षर नाही.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. तीन तास सांगतात, पावणेचार लागतात. स्पीकर छोटा आहे, बुधवार चौकात गाड्यांच्या आवाजात मागच्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून पुढे राहा. स्वच्छतागृह फक्त फराळाच्या हॉलमध्ये. गुडघे दुखत असतील तर पाताळेश्वरात उतरताना कुणाचा तरी हात धरा. बूट घाला, मंडईपाशी फरशा ओल्या असतात. पाचपैकी तीन तारे देते. तिन्ही पाताळेश्वराचा टॉर्च, पेठांची नावं आणि तो फराळ यांचे. मुलांना न्यायचं असेल तर जरूर न्या, पण बरोबर बसून वही वाचायची तयारी ठेवा.

सईने वहीतलं पाताळाचं वाक्य खोडलं नाही. त्याखाली रेघ मारून १८.५ दक्षिण, १०६ पश्चिम असे आकडे लिहिले आणि समोर 'पाणी' असं लिहिलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघी वाकडेवाडीहून जुन्नरची एसटी धरणार आहोत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिल्याचा लेख आहे. तो सईला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय. टॉर्च मी आत्ताच पिशवीत टाकून ठेवलाय.